गायधनींची मान

शेखर गायधनी माणसाला नाव विचारायच्या आधी काय ऐकता ते विचारीत. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. गाणं मात्र तो स्वतः निवडतो, असं त्यांचं म्हणणं. नाशिक रोडला प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी छापून आलेल्या कागदांतले दोष शोधण्यात गेली होती. निवृत्तीनंतर कागद गेले, नजर राहिली. ती त्यांनी माणसांवर लावली.

निदान झटपट असे. सकाळी मोबाइलवर ढणढणाट लावून फिरायला जाणारा माणूस एकटेपणाला घाबरतो. गझल ऐकणाऱ्याला स्वतःच्या दुःखाचं कौतुक असतं. चाळिशीच्या आत भजनांच्या नादी लागलेला कुठल्या तरी व्यवहारात अडकलेला असतो. सिनेमाची जुनी गाणीच ऐकणारा नवी भाजीसुद्धा खात नाही. आणि विलंबित ख्याल, म्हणजे सावकाश, घाई न करता उलगडत जाणारं शास्त्रीय गाणं, शांत बसून ऐकणारा माणूस मनानं स्वच्छ, धीराचा आणि विश्वासाचा असतो. शेखरराव स्वतः विलंबित ख्याल ऐकत, हा योगायोग.

जेल रोडला त्यांच्या वरच्या मजल्यावर येऊ घातलेला एक भाडेकरू त्यांनी याच परीक्षेत नापास केला होता. जावईही याच परीक्षेतून घेतला. रुद्रनं पाहण्याच्या कार्यक्रमात संध्याकाळच्या रागांची नावं धडाधड सांगितली आणि शेखररावांनी तिथल्या तिथे होकार दिला. ती नावं त्यांच्या मुलीनं, वेदिकानं, त्याच्याकडून आदल्या दिवशी फोनवर पाठ करून घेतली होती, हे त्यांना नातू झाल्यावर कळलं. रुद्र गाडीत शेअरबाजाराच्या बातम्या ऐकतो. एवढंच ऐकतो.

"पण पोरगा चांगला निघाला ना?" त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या.

"अपवाद आहे," शेखरराव म्हणाले.

दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये 'स्वरसंगत मंडळ' भरायचं. मंडळाचे नियम शेखररावांनी केलेले होते आणि ते मोडायची कुणाला इच्छाही नव्हती. आल्याबरोबर मोबाइल स्टीलच्या डब्यात टाकायचे. डबा एरवी मंदाताईंच्या चकल्यांचा असल्यामुळे मंडळाच्या सभासदांचे मोबाइल वासावरून ओळखू येत. रेकॉर्ड संपेपर्यंत बोलायचं नाही, चहा मागायचा नाही, आणि दाद द्यायची ती फक्त समेवर. ताल फिरून फिरून जिथं परत येतो आणि गाणारा नेमका तिथं उतरतो, ती सम. तिथं जाणत्या माणसाची मान आपोआप खाली येते.

शेखररावांची मान बघण्यासारखी असे. डोळे मिटलेले. आधी डावी भुवई किंचित वर चढायची, ओठांच्या कडा थरथरायच्या, पुढे काय येणार ते आधीच कळलंय आणि तरी ते येईल की नाही याची धास्ती आहे, असं काहीतरी त्या तोंडावर व्हायचं. मग मान खाली. तिच्यामागोमाग हॉलमधल्या सगळ्या माना. पाठोपाठ "वाह!" पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटे, काय तयारीचे श्रोते जमवलेत!

त्यातले पक्के तिघे. वाल्मीकराव आहेर हे पिंपळगावकडचे द्राक्षबागाईतदार. बागेत औषध फवारणीचं काम असलं तरी रविवार चुकवीत नसत. डॉक्टर तेजल दातांची डॉक्टर होती. रक्तदाब वाढला म्हणून कुणीतरी तिला 'काहीतरी शांत ऐका' सांगितलं होतं. त्या शांत काहीतरीचा पत्ता जेल रोडला निघाला. तिसरे मालेगावचे कादरभाई. त्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि मुलगी अफिफा नाशिकमध्येच वडाळा नाक्याला दिलेली होती. तिला भेटायला म्हणून ते रविवारी यायचे आणि आधी इकडे येऊन बसायचे. शेखररावांकडच्या निम्म्या रेकॉर्डी कादरभाईंच्या वडिलांच्या. वडील गेल्यावर कादरभाईंनी त्या शेखररावांना आणून दिल्या होत्या.

कादरभाई पहिल्या रांगेत, शेखररावांच्या अगदी समोर बसत. गाण्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. बाकीचे चहाबरोबर 'आज काय लागला होता' वगैरे चालू करत, तेव्हा हे नुसते हसून बशी पुढे करत.

"हा खरा श्रोता," शेखरराव मंदाताईंना म्हणायचे. "ऐकल्यावर बोलावंसं वाटत नाही, तेच खरं ऐकणं."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेखररावांना ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, रेकॉर्ड घासली गेली. दुसरी लावून बघितली. मग सुई बदलली. मग स्पीकर उघडून आतल्या वायरी बघितल्या. दोष शोधायची सवय होती; एकेक भाग तपासत गेले आणि शेवटी तपासायचा एकच भाग उरला. कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशिनं बसवली. त्यांतून माणसांचं बोलणं येत होतं. मंदाताईंचं तर जरा जास्तच येत होतं. पण तंबोरा लागला की शेजारच्या घरात मिक्सर चालू झाल्यासारखं वाटे, आणि ज्या आवाजासाठी त्यांनी आयुष्यातले रविवार वाहिले होते तो आवाज कुणीतरी पत्र्यावरून खुर्ची ओढत न्यावी तसा येत होता.

"मशिन बोलणं ऐकायला असतं काका," डॉक्टर म्हणाले. "गाणं त्यातून असंच येणार. तुम्ही गाता का?"

"नाही. ऐकतो."

"मग काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

शेखररावांनी ठरवलं, नसेना का ऐकू येत, इतकी वर्षं ऐकलंय, डोक्यात सगळं आहे. ते गच्चीवर एकटे बसून आठवायला लागले. सुरुवातीचे काही दिवस आठवलंही, अगदी स्वच्छ. मग त्यात खरखर शिरली. जी रेकॉर्ड ते मशिनातून एकदा ऐकत, ती आठवणीतही तशीच वाजायला लागे. म्हणून त्यांनी आवडत्या रेकॉर्डी लावणं बंद केलं. तरी एकेक चीज आपणहून पत्र्याची होत गेली. हिवाळा लागेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकही धड सूर उरला नव्हता. विलंबित ख्याल ऐकणारा माणूस कसा असतो हे त्यांना तोंडपाठ होतं. ज्याला तो ऐकू येत नाही तो माणूस कसा असतो, याचं निदान त्यांनी कधी केलेलं नव्हतं, आणि आता तोच माणूस रोज दाढी करताना आरशात भेटत होता.

"मंडळ बंद करा," मंदाताई म्हणाल्या.

"कारण काय सांगू?"

"खरं सांगा. कान गेले म्हणून सांगा. लोक काय मारणार आहेत?"

"मारलं तर बरं. कीव करतील."

तापाचं निमित्त सांगून इतके रविवार मंडळाला सुट्टी दिली होती, पण आता नाशिकची थंडी चांगली पडली होती. मशिनं झाकायला त्यांनी कानटोपी चढवली आणि रविवारी नेहमीसारखे रेकॉर्ड प्लेयरशेजारी बसले.

त्यांचा बेत साधा होता. सम कळणार नाही, तर दुसऱ्यांच्या माना बघून आपली मान टाकायची. त्यांनी डोळे बारीक उघडे ठेवले आणि तेजलकडे लक्ष लावलं. ती मांडीवर बोटं धरून बसली होती. बोटं हलत नव्हती. त्यांनी वाल्मीकरावांकडे पाहिलं. वाल्मीकराव त्यांच्याकडेच पाहत होते. बराच वेळ गेला. रेकॉर्ड फिरत होती, पत्र्यावरून खुर्ची चालली होती, आणि एकाही माणसाची मान हलत नव्हती. शेखररावांना कानटोपीत घाम फुटला. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन मान टाकली.

"वाह!" सगळा हॉल म्हणाला.

त्यांनी दचकून डोळे उघडले. सगळ्या माना खाली होत्या.

जाताना वाल्मीकराव दारात थांबले. "शेखरराव, आज लय भारी जमून आलं राव. ती पहिली सम तर काय, काळजाला जाऊन भिडली."

"कुठली?"

"तीच ना, तुम्ही डोळे मिटले तवाची!"

दुपारी जेवताना शेखरराव वरणभात कालवून तसेच बसून राहिले. वाचलो, असं त्यांना आधी वाटलं होतं. आता घास उचलताना दुसरंच काहीतरी वाटायला लागलं.

"कुणी पकडलं नाही ना?" मंदाताईंनी विचारलं.

"नाही."

"मग जेवा की."

"पकडायला पाहिजे होतं गं," शेखरराव म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मुद्दाम केलं. तबला अजून सुरू व्हायचा होता, तंबोराच चालू होता हे त्यांना आवरणावरच्या माहितीवरून ठाऊक होतं. तिथं ताल नाही, म्हणजे समही नाही. त्यांनी तिथं मान टाकली. "वाह!" पुन्हा टाकली. "क्या बात है!" त्याच्या पुढच्या रविवारी रेकॉर्ड संपली, सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत जाऊन घासत राहिली, आणि ते डोळे मिटून डुलत राहिले. सगळे डुलत राहिले. मंदाताई चहा घेऊन दारात आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि चहा घेऊन परत गेल्या.

"शेवटचा भाग फार अंतर्मुख होता, नाही?" तेजल डब्यातून मोबाइल काढताना म्हणाली. "म्हणजे, शब्दच नाहीत."

"नव्हतेच," शेखरराव म्हणाले.

आता त्यांची झोप उडाली. कान गेल्याचं दुःख होतं, पण त्यात एक आधार होता: आपल्याकडून गेलं तरी या हॉलमध्ये ते आहे, इतक्या जणांना आपण ऐकायला लावलं, त्यांच्या कानांत तरी ते चालू आहे. तो आधार आठवड्याआठवड्याला खचत होता. इतकी वर्षं आपण एकटेच ऐकत होतो की काय? एक माणूस मिळाला असता, एकच, की ज्यानं म्हणावं, गायधनी, चुकलात, इथं सम नव्हती, तर त्यांनी कानटोपी काढून त्याच्या पायावर ठेवली असती.

म्हणून त्यांनी शेवटची परीक्षा काढली. कादरभाईंच्या वडिलांच्या रेकॉर्डींतली एक घेतली आणि प्लेयरचा वेगाचा खटका पुढे सरकवून ठेवला. त्या वेगात कुठलाही बुजुर्ग गवई शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडतो, हे लहान मुलालाही कळतं.

"आज एक दुर्मीळ ध्वनिमुद्रण ऐकवतो," ते म्हणाले आणि सुई ठेवली.

त्यांनी डोळे उघडेच ठेवले होते. वाल्मीकरावांच्या कपाळाला एक आठी पडली. शेखरराव आशेनं पुढे झुकले. बोला वाल्मीकराव, बोला. वाल्मीकरावांनी शेखररावांकडे पाहिलं. शेखररावांनी मान टाकली. आठी गेली, मान खाली आली, आणि उपरण्याचं टोक डोळ्यांकडे गेलं.

"केवढी ही तयारी!" तेजल पुटपुटली.

फक्त समोर बसलेल्या कादरभाईंची मान खाली गेली नाही. ते शेखररावांकडे एकटक पाहत होते. मग त्यांनी अगदी हळू, कुणाला कळू नये अशी, मान आडवी हलवली. नाही.

चहाच्या गडबडीत ते न बोलता निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्याही पुढच्या रविवारी आले नाहीत. फोन केला तर त्यांचा मुलगा फरहान घेई आणि अब्बा कामात आहेत म्हणे.

"एक आहे!" शेखरराव मंदाताईंना म्हणाले. ताप आल्यापासून त्यांच्या तोंडावर असं तेज आलं नव्हतं. "एक माणूस खरा ऐकतोय. मी म्हणत होतो ना? रागावला असेल. त्याच्या वडिलांच्या रेकॉर्डीची मी माती केली. जाऊन पाय धरतो."

"मशिनं घालून जा," मंदाताई म्हणाल्या. "पाय धरल्यावर तो काय म्हणतो ते ऐकू यायला पाहिजे."

त्यांनी सकाळची मालेगावची बस पकडली. कादरभाईंचा कारखाना गावातल्या एका अरुंद गल्लीत होता. गल्लीतल्या घराघरांतून मागांचा खडखडाट येत होता आणि आत शिरल्यावर तर शेखररावांना मशिनं काढून खिशातच टाकावी लागली. आत कुणी कुणाशी ओरडून बोलत नव्हतं. कामगार एकमेकांच्या ओठांकडे पाहून हसत होते, शिव्या देत होते, चहा मागवत होते. कादरभाईंनी त्यांना पाहिलं, हातातलं काम टाकलं, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर नेऊन बसवलं. आवाज तिथंही होताच.

"कादरभाई, तुम्हाला कळलं," शेखरराव एकदम म्हणाले. "त्या दिवशी मी रेकॉर्ड चुकीच्या वेगानं लावली होती. सगळ्यांनी दाद दिली. तुम्ही एकट्यानं नाही म्हटलंत."

कादरभाई त्यांच्या ओठांकडे निरखून बघत होते. "रेकॉर्ड? त्याचं मला काय मालूम, शेखरभाई? मला कुठं ऐकू येतं?"

मशिनं खिशात होती, म्हणून शेखररावांना वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी ती काढून कानात घातली. कादरभाईंनी ती पाहिली.

"अच्छा," ते म्हणाले. "तुमचंपण गेलं. तेच म्हटलं मी."

"तुमचं? तुमचं कधी गेलं?"

"या खडखडमध्ये जिंदगी गेली ना. अफिफाच्या निकाहला काझीसाहेब काय बोलले, तेपण मी त्यांच्या दाढीतून वाचलं. इथं गल्लीत सगळ्यांना माहीत हाय. तुमच्याकडे कुणी विचारलंच नाही."

"मग इतकी वर्षं येऊन ऐकत काय होतात?"

"ऐकत नव्हतो. बघत होतो." कादरभाईंनी आपल्या भुवईवर बोट ठेवलं. "अब्बा रेकॉर्ड लावायचे तेव्हा मी समोर बसायचो. छोटा होतो, कान चांगले होते, पण गाणं काय समजत नव्हतं. अब्बांचं तोंड मात्र समजायचं. आता काहीतरी येणार, येणार... आलं! मग अब्बा माझ्याकडे बघून हसायचे. ते गेले. मग तुमच्या घरी बघितलं तर सेम तेच तोंड. भुवई वर, मग मान. मी त्याच्यासाठी येत होतो. गाणं तुमच्या तोंडावर दिसायचं, शेखरभाई. मला तेवढं बस होतं."

"आणि त्या दिवशी?"

"भुवई गेलीच नाही ना वर. मान गेली. झूठी मान. आणि त्या दिवशीच नाही. थंडी पडल्यापासून झूठी. मी म्हटलं, बीमार असतील, बरे होतील. मग त्या दिवशी अब्बांची रेकॉर्ड, आणि त्याच्यावर पण झूठी. मग नाही बघवलं."

फरहान चहा ठेवून गेला. दोघांनी आपापल्या बशीत चहा ओतला.

"परत येणार का तुमचं?" कादरभाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मी पण नाही येणार. बुरा नका मानू. अफिफाकडे आलो की भाभींच्या हातचा चहा प्यायला येईन. पण बसायला नाही. बघायला काय राहिलं तिथं?"

शेखररावांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "रेकॉर्डी परत पाठवू का?"

"कशाला? इथं ठेवल्या काय, तिथं ठेवल्या काय?" कादरभाई मोठ्यानं हसले. ऐकू न येणारी माणसं हसतात तसं, आवाजाचा अंदाज सोडून. मग त्यांनी शेखररावांचं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं गाणी लावली होती. शेजारच्या माणसानं ओळख काढण्यासाठी काहीतरी विचारलं. शेखररावांनी त्याला काय ऐकता ते विचारलं नाही.

रविवारी मंडळ भरलं. मोबाइल डब्यात गेले. शेखररावांनी कानटोपी काढली, दोन्ही मशिनं काढली आणि सगळ्यांना दिसतील अशी प्लेयरच्या झाकणावर ठेवली. मंदाताई दारात उभ्या होत्या.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पावसाळ्यापासून मला गाण्यातलं काहीही ऐकू आलेलं नाही. मी मान टाकत होतो ती खोटी होती. तुम्ही दाद देत होतात तीसुद्धा खोटी होती. मधल्या एका रविवारी रेकॉर्ड संपलेली होती. एका रविवारी ती भलत्याच वेगानं लावली होती. इथं कुणीही काहीही ऐकत नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं."

शेखरराव सगळ्यांची तोंडं बघत होते. ओठ वाचायला ते अजून शिकले नव्हते, म्हणून मशिनं त्यांनी पुन्हा कानात घातली. त्यांना वाटलं, आता कुणीतरी चिडेल. उठून जाईल. निदान लाजेल. त्यांना त्यातलं काहीही चाललं असतं.

वाल्मीकरावांची मान सावकाश खाली आली.

"वाह," ते म्हणाले. "काय बोललात, शेखरराव! कान लागतच नाय हो खरं तर. अंतरंग लागतं."

"एकदम खोल," तेजल म्हणाली. तिनं डोळे पुसले. "सर, मला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

मागच्या रांगेतही माना खाली गेल्या होत्या.

शेखररावांनी मंदाताईंकडे पाहिलं. मंदाताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. शेखरराव मटकन खुर्चीत बसले.

"बरं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक निघाला. "मी आता निवडणार नाही. मला कळत नाही काय लावायचं. तुम्हीच सांगा. खरं सांगा. तुम्हाला काय आवडतं ऐकायला? वाल्मीकराव, तुम्हाला? घरी, बागेत, एकटे असताना?"

वाल्मीकरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते प्रामाणिकपणे विचार करत होते, हे दिसत होतं. त्यांनी तेजलकडे पाहिलं. तेजलनं मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग, फिरून फिरून, सगळ्यांची नजर शेखररावांच्या तोंडावर येऊन थांबली.

"आमचं काय एवढं," वाल्मीकराव म्हणाले. "तुम्ही लावाल ते."